भात किती टाकायचा ते आत्यांना सांगा, मग हवं तिथे भटका

या वेळचं पत्र पुण्याहून आलंय. लिहिणारीने स्वतःचं नाव ठेवलंय ‘मागच्या सीटवर नणंद’, आणि हे नाव वाचूनच मी हातातला चहा खाली ठेवला. पत्र मोठं आहे, महत्त्वाचं तेवढं देते.

‘ताई, लग्नाला दीड वर्ष झालं. नवऱ्याची सख्खी आत्या गुहागरला असते, खालच्या पाटात मोठं घर, मागे वाडी आणि वाडीच्या मागे डायरेक्ट समुद्र. मागच्या डिसेंबरात आम्ही चार दिवस गेलो होतो, लग्नानंतरची पहिली निवांत ट्रिप म्हणून. पहिल्या दिवशी हेदवी-वेळणेश्वर ठरलं होतं, पण आंघोळी, आंबोळ्या आणि शेजारच्यांना भेटणं यात निघायलाच साडेअकरा वाजले. दुसऱ्या दिवशी आतेनणंद चिपळूणहून दोन मुलांना घेऊन आली आणि गाडीत बसली, दोन्ही मुलांना गाडी लागली. तिसऱ्या दिवशी आम्ही कोणाला फार न सांगता धोपाव्याच्या फेरीबोटीने दापोली साइडला गेलो, परतताना शेवटची फेरी चुकली, खेड-चिपळूणवरून वळसा घालून रात्री साडेबाराला घरी. फोनला रेंज नव्हती. आतोबा ओटीवर कंदील घेऊन बसलेले, आत्या दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत माझ्याशी धड बोलल्या नाहीत. यंदा सहा दिवसांची रजा आहे. मी म्हणते गुहागरातच बीचजवळ होमस्टे घेऊ आणि एक दिवस जाऊन भेटून येऊ. नवरा म्हणतो आत्या जन्मभर बोलणार नाही. कोणाचं बरोबर?’

अगं, दोघांचंही चूक. पण तुझं जरा जास्त चूक आहे म्हणून तुझ्यापासून सुरू करते, रागावू नकोस.

गुहागरातच होमस्टे घ्यायचं डोक्यातून काढून टाक. ते गाव तू बघितलंयस ना, एक रस्ता, वरचा पाट आणि खालचा पाट, दोन्ही बाजूला घरं आणि प्रत्येक घराला आपली वाडी. तिथे पुण्याचा नंबर असलेली गाडी कोणाच्या अंगणात लागली हे तुम्ही बॅगा उतरवायच्या आत व्याडेश्वराच्या देवळापर्यंत पोचतं. दुसऱ्या दिवशी दुकानात आतोबांना कोणीतरी विचारणारच, काय हो, भाचा तिकडे उतरलाय म्हणे? या प्रश्नाला त्या माणसाने काय उत्तर द्यायचं? तुला ते फक्त एक बुकिंग वाटतंय, पण गावात त्याचा अर्थ असा होतो की सख्ख्या आत्याच्या घरात जागा असून भाच्याला तिथे राहवेना. नवऱ्याला नेमकी हीच भीती आहे, फक्त त्याला ती नीट सांगता येत नाहीये.

आता त्याचं चूक. ‘आत्याला वाईट वाटेल’ हे तो कारण म्हणून वापरतोय, म्हणजे काही बोलायलाच नको, गेल्या वर्षीसारखंच जायचं, मनात धुसफुसायचं आणि परत यायचं. मला सांग, आत्यांना गेल्या वेळी नक्की कशाचं वाईट वाटलं? तुम्ही फिरायला गेलात याचं? मला नाही वाटत. गुहागरात ज्यांचा जन्म गेला त्यांना चांगलं माहितीये की पुण्याहून लोक समुद्र बघायलाच येतात.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे ते तू अगदी सहज लिहून गेलीस, म्हणून मी वर घेतलं नव्हतं. पहिल्या दिवशी दीड वाजता तुम्ही वेळणेश्वरहून फोन केलात की ‘आम्ही इथेच जेवतो’, आणि त्या दिवशी घरात डाळिंबीची उसळ होती. पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तिथेच अडकले. अगं, डाळिंब्या म्हणजे काय काम असतं माहितीये? वाल आदल्या दिवशी भिजत घालायचे, मग उपसून फडक्यात बांधून ठेवायचे, डिसेंबरच्या गारव्यात मोड यायला अजून वेळ लागतो, मग परत कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सालातून बाहेर काढायचा. एकेक! चार माणसांच्या उसळीला तास-दीड तास सहज जातो, पाठ मोडते, बोटांच्या टोकांना तो वालाचा वास दिवसभर राहतो. म्हणजे तुम्ही पुण्यात बॅगा भरत होतात तेव्हा त्या बाईने वाल भिजत घातले होते. आणि ती ताटं मांडून बसलेली असताना तुमचा फोन.

हे तुला अपराधी वाटावं म्हणून नाही सांगत. तुला कळणार तरी कसं, तुझ्याकडे वाल सोललेले पाकिटात मिळतात, माझ्याकडेही आता तेच येतात. पण कोकणातल्या घरात पाहुण्यांवरून जी काही रुसवाफुगवी होते त्यातली बरीचशी शेवटी भाताच्या पातेल्यापाशी येऊन थांबते. किती जणांचा भात टाकायचा? हा एवढाच प्रश्न असतो, आणि घरातली बाई तो विचारत नाही कारण पाहुण्याला ‘जेवायला आहात का’ विचारणं म्हणजे ‘जेवू नका’ म्हटल्यासारखं वाटतं, आणि पाहुणे सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं ‘बाहेर जेवतो’ म्हटलं तर वाईट दिसेल. दोन्हीकडून सभ्यपणा आणि मध्ये दोन माणसांचा भात वाया.

मी स्वतः अठरा वर्षं अशा घरात सून होते. मे महिन्यात आमच्याकडे मुंबई-पुण्याचे इतके लोक येऊन जायचे की कधीकधी मला अंगणात उभं राहून गाड्या मोजाव्या लागायच्या. त्यात दीरांचा एक मित्र आणि त्याची बायको यायचे, ते मला सगळ्यात आवडायचे. तसं त्या दोघांत विशेष काही नव्हतं, काही आणायचे नाहीत, कामाला हात लावायचे नाहीत, उन्हातान्हाचे दिवसभर भटकायचे. पण रोज रात्री झोपायच्या आधी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायची, ‘वहिनी, उद्या दुपारी आम्ही नाही, रात्री आठला आहोत, आमटी-भात पुरे.’ बास. त्या एका वाक्यावर माझा दुसरा दिवस सुटायचा. उलट दुसरे एक नातेवाईक पेढ्यांचा मोठा बॉक्स आणायचे, वाकून नमस्कार करायचे आणि ‘बघू, जमलं तर येतो जेवायला’ म्हणून निघून जायचे, त्या पेढ्यांचा मला अजून राग आहे.

तर मी सांगते ते असं. सहा दिवसांचे दोन भाग करा, पहिल्या तीन रात्री आत्यांकडे आणि पुढच्या दोन रात्री खाडीपलीकडे. गावातल्या गावात लॉज घेतला तर अपमान आणि खाडी ओलांडून गेलं तर ट्रिप, लॉजिक विचारू नकोस, असंच आहे. तवसाळहून जयगडला जी फेरीबोट जाते तिच्यात गाडी चढवा, शास्त्रीची खाडी ओलांडलीत की जयगडचा किल्ला आणि दीपगृह, मग कऱ्हाटेश्वर, पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक (त्यांच्या जन्मगावी आहे, शाळेत ‘तुतारी’ पाठ केली असेल तर थांबाच), मग गणपतीपुळे. तिथे देवळामागच्या टेकडीला प्रदक्षिणा घाला पण समुद्रात पोहायला उतरू नका, तो किनारा फसवा आहे, दरवर्षी कोणी ना कोणी जातं. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. थिबा पॅलेस बघा, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पकडून आणलं, राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं आणि १९१६ मध्ये तो गेलासुद्धा, म्हणजे एवढ्या वाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. मला तिथे दर वेळी उदास वाटतं आणि तरी मी दर वेळी जाते. मग आंबा घाट चढून तसंच वरच्यावर पुण्याला. परत गुहागरला यायचंच नाही, त्यामुळे आत्यांच्या घरातून तुम्ही निघता ते पाहुण्यांसारखे नीट निरोप घेऊन, ओटी भरून, डिकीत नारळ टाकून. ‘घर सोडून हॉटेलात गेले’ असं कोणी म्हणूच शकत नाही.

दापोली या वेळी सोडा. गुहागरहून दापोली-हर्णै एका दिवसात करायला जाणं म्हणजे गेल्या वर्षीचाच प्रकार परत. हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी असतो, तो बघायला थांबलात की परतीच्या फेरीची धाकधूक सुरू, आणि ती चुकली की तो सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा वळसा तुम्हाला माहितीच आहे. दापोली ही वेगळी ट्रिप आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा. (कासवं गुहागरलाही येतात बरं, २०२३ मध्ये तिथल्याच दोन माद्यांना सॅटेलाइट टॅग लावला होता, एकीचं नाव बागेश्री आणि दुसरीचं गुहा. आतोबांना विचार, त्यांना नक्की माहिती असेल.)

आता आत्यांकडच्या तीन रात्री. यातले मधले दोन दिवस पूर्ण हातात आहेत, एक त्यांचा, एक तुमचा. आणि हे तिथे गेल्यावर नाही, फोनवर, निघायच्या आठ दिवस आधी सांगायचं. कोणी सांगायचं? त्याने. त्याची आत्या आहे, लहानपणी तिच्या मांडीवर खेळलाय, तो बोलला तर लाड आणि तू बोललीस तर ‘बघा बाई आजकालच्या सुना’. हे अन्यायाचं आहे, मान्य, पण यंदाच्या डिसेंबरात ते बदलणार नाही. त्याला येत नसेल तर माझं वाचून दाखवू दे:

‘आत्या, आम्ही शुक्रवारी संध्याकाळी येतोय, जेवायला आहोत, तुझ्या हातचं कुळथाचं पिठलं कर. शनिवार तुमचा, गाडी आहे, तुला आणि आतोबांना कुठे जायचंय ते ठरवून ठेव, ताई-मुलांनाही त्याच दिवशी बोलाव. रविवारी आम्ही दोघंच फिरणार, सकाळी चहा घेऊन सातला निघू, दुपारी जेवायला नाही, रात्री आठला आहोत. सोमवारी नाश्ता करून जयगडला पलीकडे जाणार, तिथलं बुकिंग झालंय.’

यात ‘चालेल का’ कुठेही नाहीये ते बघ. ‘चालेल का’ विचारलं की आत्यांना ‘अरे एवढी काय घाई’ म्हणावंच लागतं. आणि ‘दोघंच’ हा शब्द त्याने गिळायचा नाही. तो गिळला की रविवारी मागच्या सीटवर नणंद.

शनिवार मनापासून द्या हं, उपकार म्हणून नको. मुलगा मुंबईला, घरात दोघं म्हातारी, गाडी नाही, असं तूच लिहिलंयस. मग त्या बाईचं स्वतःचं हेदवीला जाणं शेवटचं कधी झालं असेल विचार कर. एसटीने जायचं तर परतीच्या गाडीसाठी ताटकळायचं, रिक्षावाला जाऊन-येऊन काय सांगेल ते सांगेल, गुडघे दुखतात, म्हणून वीस-बावीस किलोमीटरवरचा दशभुज गणपतीसुद्धा वर्षानुवर्षं राहून जातो. तुम्ही गाडी देवळाजवळपर्यंत न्याल, तेवढ्याने ती बाई तुझ्या किती गोष्टी विसरेल बघ. मुलांना गाडी लागते तर नणंदेला सांग पुढे बस त्यांना घेऊन, खिडकी उघडी ठेव, आणि घरून आवळासुपारी घे. हे मी चार मुलं मागे घेऊन कुंभार्ली घाट उतरलेली बाई म्हणून सांगतेय.

तुमचा रविवार कसा लावायचा ते मात्र आतोबांना विचारून ठरवा. हे हॉटेलात राहून मिळत नाही. कोकणातल्या जुन्या माणसांकडे भरतीचा हिशोब बोटांवर असतो: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकरा, थोडं इकडे तिकडे. आणि सहा-साडेसहा तासांनी ओहोटी. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघायची आणि सांगायचं. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची असते, खडकाच्या त्या अरुंद भेगेत लाट घुसते आणि पाणी फट् करून वर उडतं, ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते आणि तुम्ही म्हणता एवढ्यासाठी आलो होय. तुम्ही गेल्या वर्षी कधी पोचलात कोण जाणे, तू लिहिलंयस ‘काही खास नव्हतं’, मला वाटतं ओहोटीला गेला असाल. कडेला मात्र जायचं नाही, खडकावर शेवाळ असतं आणि एखादी लाट सांगून येत नाही.

आणि तारखा अजून हातात असतील तर एक गंमत करा. तुमचा तो मोकळा दिवस संकष्टीला येईल असं बघा. चतुर्थी म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, म्हणजे गणपतीचं दर्शन आणि बामणघळ एकाच फेरीत. वर आत्यांचा उपास, चंद्रोदय नऊच्या आसपास, घरात दुपारचं जेवण मांडायचंच नसतं. तुम्ही दुपारी कुठे जेवलात हा प्रश्नच उठत नाही! फक्त रात्री चंद्र दिसायच्या आत घरी या, मोदक गरम असतील. मासे खायचे असतील तर मात्र दुसऱ्या दिवशी जयगडला पोचल्यावर खा, आणि खाल्ले तर लपवू नका, आत्यांना भाचा सुरमई खातो हे कधीचं माहितीये, त्यांना फक्त त्याच्या तोंडून खोटं ऐकायचं नाहीये.

२५ ते ३१ डिसेंबर टाळता आलं तर टाळाच. त्या आठवड्यात फेरीबोटीला गाड्यांची रांग लागते आणि गणपतीपुळ्यात पाय ठेवायला जागा नसते. फेरीच्या वेळा त्या दिवशी सकाळी जेट्टीवर फोन करून विचारा, मोबाइलवर दोन वर्षांपूर्वी कोणी टाकलेला फोटो बघून निघू नका.

सकाळच्या आंघोळींचं पण बोलते, कारण साडेअकरा त्यातूनच वाजले. तांब्याचा बंब असेल तर पाणी तापायला वेळ लागतो आणि आतोबांची पूजा असते, त्यांचा नंबर पहिला. तुम्ही साडेआठला उठून रांगेत लागलात तर तुमचा नंबर कामवाल्या मावशींच्या भांड्यांच्या वेळेला येतो. रविवारी सहाला उठा, गार पाण्याने तोंड धुवा आणि निघा, आंघोळ आल्यावर करा, समुद्रात जाऊन आल्यावर ती लागणारच आहे.

आणि दोघांना एकांत नाही म्हणतेस, माडीवरची फळ्यांची जमीन पाऊल टाकलं तरी वाजते, खाली सगळं ऐकू जातं. हो बाई, जातं. आम्ही पण त्याच फळ्यांवर संसार केलेत. पण तुमच्या मागे वाडी आहे आणि वाडीच्या मागे पाच-सहा किलोमीटरचा किनारा! रात्री जेवणं झाली की ‘जरा शतपावली करून येतो’ म्हणायचं आणि पोफळींतून बॅटरी घेऊन सरळ समुद्रावर. सुरूच्या झाडांपलीकडे त्या वेळेला चिटपाखरू नसतं. लोक बीच व्ह्यूसाठी काय पैसे मोजतात, तुमच्या तर मागच्या दारी तो फुकट आहे, फक्त बेडं नीट लावून या, नाहीतर रात्री गुरं शिरतील आणि त्याचंही नाव तुमच्यावर.

नेताना मिठाई नको. फोन कराल तेव्हाच विचारा पुण्याहून काय हवंय, मिक्सरचं भांडं, गुडघ्याचा पट्टा, आतोबांच्या चष्म्याची काडी, असलंच काहीतरी निघेल, ते न्या. पैसे हातात ठेवायला जाऊ नका, घेणार नाहीत आणि वर दुखावतील.

गेल्या वर्षीच्या रात्रीबद्दल एकदा तू स्वतः बोल, हे मात्र नवऱ्यावर ढकलू नकोस. ‘आत्या, त्या दिवशी तुम्ही दोघं जागत बसलात, आम्ही कळवायला हवं होतं’ इतकंच, फोनची रेंज आणि फेरीची वेळ वगैरे खुलासे देत बसू नकोस. साडेबारापर्यंत कंदील घेऊन बसलेल्या माणसांच्या मनात त्या रात्री काय काय येऊन गेलं असेल, खाडी, घाट, अंधार. आत्या रुसल्या होत्या असं तू लिहितेस, मला तर त्या घाबरल्या होत्या असं वाटतं, आणि घाबरलेली म्हातारी माणसं दुसऱ्या दिवशी अशीच वागतात.

आणि फोन ठेवायच्या आधी तू त्याच्याकडून फोन घे आणि विचार, आत्या, वाल कधी भिजत घालताय? त्या ज्या दिवशी उसळ म्हणतील त्या सकाळी परात घेऊन त्यांच्या शेजारी बस, तुझ्या बोटांनी अर्धे दाणे मोडतील आणि त्या हसतील, हसू देत. आणि त्या दिवशी दुपारी, हेदवी राहो, बामणघळ राहो, कुठेही जाऊ नका.